पाळणाघराची लाज

नांदेड,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाईंच्या पायांवर सून वर्षाराणीचे डोके. वि. वि.

तुम्ही दिवाळीला रेणापूरला गेलात आणि खोली एकदम मोठी झाली. फोनवर बोलते, पण मामा फोन स्पीकरवर टाकतात आणि सासू-सुनेचं बोलणं ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकायला मिळतं. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. तुम्ही सातवीपर्यंत शिकलात हे गावात सगळ्यांना सांगता, आता उत्तर लिहून दाखवा.

मला सध्या कंधारची गाडी आहे. कंडक्टरचा खाकी ड्रेस तुम्हाला आवडत नाही, पण परवा एका म्हातारीने उतरताना माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सृष्टीने माझं बघून नवा खेळ काढलाय. कागदाचे कपटे करते, भांड्यांना तिकिटं वाटते आणि पातेल्याला म्हणते, पुढं सरका, पुढं सरका. अडीच वर्षांचं लेकरू, पण आवाज माझ्यापेक्षा मोठा.

ह्यांचा चाकणहून फोन असतो. कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे, संक्रांतीपर्यंत सुट्टी नाही म्हणतात.

मी कामावर असते तेव्हा सृष्टीला शेजारच्या गंगासागर मावशी सांभाळतात. अंगणवाडीच्या नीलम्माताई परत येऊन गेल्या. महापालिकेच्या समाजमंदिरात अंगणवाडीला जोडून पाळणाघर आहे, संध्याकाळपर्यंत लेकरं ठेवतात, नाव घालू का म्हणून विचारत होत्या. तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं, ते लक्षात ठेवून मीही सांगितलं की आमच्या लेकराला गरज नाही.

तुमचं हरभऱ्याचं काम उरकलं की याल ना? सृष्टी रोज विचारते, आज्जी कुठंय. मामांच्या गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
वर्षाराणी


रेणापूर,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीला सिंधूचे आशीर्वाद. पत्र लिव्हायला कारण की तुजं पत्र पोचलं. बग, सातवी शिकलेली बाई उत्तर लिव्हायली हाय. चुका काढू नगं.

मला आत्ता काय येता येत न्हाई. हरभरा पेरून झाला, पण तुज्या मामांचा गुडघा काय मानंना. जुन्या लाकडी जिन्यासारखा वाजतो. त्यांना सोडून कसं यावं?

तू त्या अंगणवाडीच्या बाईला बरं सांगितलंस. त्या समाजमंदिरात मी एकदा डोकावून आले होते. रोजंदारीवर जाणाऱ्या बायांची लेकरं, शेंबडी, एका वळीत बसून खिचडी खायली. आपलं घर खाऊन-पिऊन सुखी. आपलं लेकरू सरकारी ताटलीत जेवतं मनून इथं कळलं तर लोक तोंडावर न्हाई, पण पाठीमागं हासतील. माज्या सुदर्शनच्या सासरच्यांनी पोरीला काय शिकवलं मनतील, ते येगळंच.

गंगासागरबाई चांगली हाय मनून बरं. पण परक्या बाईला किती दिस तरास द्यायचा? मी मनते, तूच इचार कर. लेकरू शाळंत जाईपतूर नोकरी सोडलीस तर काय बिघडतंय? नोकरी परत भेटंल, लेकराचं हे वय परत भेटणार न्हाई. मी जोर करायली न्हाई, फकत सांगायली.

सृष्टीला मनावं, आजीला पण एक तिकीट ठिव. मामांचे आशीर्वाद. पत्र लिवत जा, मला वाचायला गोड वाटतं.

तुजी आत्या,
सिंधु


नांदेड,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाईंना वर्षाराणीचा वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. घाईत चार ओळी लिहिते, ड्युटीला निघायचंय. इथं सगळं बरं आहे. सृष्टीच्या पायाला घोट्यापाशी थोडी पुरळ आलीय, डास चावले असतील. खोबरेल लावते. अलीकडे खेळ कमी झालाय, पण थंडीमुळे असेल. नोकरीचं तुम्ही म्हणता ते ऐकलं. तीन वर्षं अभ्यास करून मिळालेली आहे, आत्याबाई. सोडवत नाही.

गंगासागर मावशी मजेत आहेत. काळजी करू नका. फोन उचलला नाही तर समजा गाडीत आहे.

तुमचीच,
वर्षाराणी


रेणापूर,
१२ डिसेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणी, तुला उदंड आशीर्वाद.

तुजा फोन चार दिसापून लागंना. सुदर्शनला केला तर तो मनला, ती कामात हाय, आन् ठिवून दिला. मनून पत्र टाकायली.

तुमच्या नांदेडात काय चाललंय गं माय? तुज्या मामांच्या फोनवर एक व्हिडिओ आलाय. कुण्या बाईनं लेकराला खाटंच्या पायाला वढणीनं बांधून, भायिरून कुलूप लावून सोडलंय मन. लोकांनी कडी तोडून काढलं. चेहरे धुरकट केलेत, पण लेकरू लहान हाय एवढं कळतं मनत होते तुजे मामा. त्यांनी सगळ्या ग्रुपावर पाठवून दिला, का लोकांनी बगावं आन् शाणं व्हावं. मला बगवंना, मी तोंड फिरवलं. नुसतं रडणं ऐकलं. ओसरीवर बाया जमल्या होत्या. मी मनले, असल्या बाईच्या पोटी देवानं लेकरू घालावंच कामून? जनावर बी आपल्या पिलाला असं करत न्हाई. सगळ्या हाव हाव मनल्या.

तुज्या घराजवळ तर न्हाई ना हे? गंगासागरबाईला मनावं, सृष्टीला एक घडी नजरेआड करू नगं. दिस लई वाईट आले.

फोन कर. लोभ राहू दे.

तुजी आत्या,
सिंधु


नांदेड,
१८ डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाई,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

ती बाई मीच. ते लेकरू आपली सृष्टी.

तुमचं पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं. तुम्ही लिहिलं त्यातला एक शब्द मला खोडता येत नाही. ह्यांनी बजावलं होतं की रेणापूरला कळू द्यायचं नाही, वडील मान वर करू शकणार नाहीत. पण तुम्ही मलाच विचारलंत की घराजवळ तर नाही ना, आणि मला खोटं लिहवेना. आधीच फार लिहिलंय.

गंगासागर मावशी दिवाळीनंतर लगेचच लेकीच्या बाळंतपणाला देगलूरला गेल्या. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा त्यांची पिशवी भरलेली होती. मी रजा काढली, ती संपली. आगारात दुसऱ्या बाईबरोबर ड्युटी बदलून घेतली, तेही किती दिवस चालणार? मग एक दिवस सृष्टी झोपलेली असताना कुलूप लावून गेले. परत आले तर तिने ओट्यावरचं दुधाचं पातेलं ओढलेलं. दूध निवलेलं होतं म्हणून वाचली. त्यानंतर जुनी ओढणी घेतली. मऊ आहे, पायाला सैल बांधली, ताटलीपर्यंत आणि पाण्याच्या पेल्यापर्यंत पोचेल एवढी लांब ठेवली. असं मी स्वतःला समजावत होते, सैल आहे, लांब आहे. किती वेळा बांधलं ते विचारू नका.

त्या दिवशी कंधारच्या रस्त्याला गाडी बंद पडली. दुसरी गाडी येऊन प्रवासी घेईपर्यंत दिवस कलला. मला फोन करायला कुणी नव्हतं, कारण मी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. गल्लीत शिरले तर दारात गर्दी. मी खाकीत, खांद्याला तिकिटाचं मशीन. लोकांनी वाट दिली. सृष्टी खाटेवर बसली होती. लोकांनी ओढणी केव्हाच सोडली होती. मला बघून ती रडली नाही, आत्याबाई. तिने सवयीने पाय पुढे केला, सोड म्हणून.

बालकल्याण समितीपुढे मला बोलावलं. तिथल्या बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, घरात कुणीच नव्हतं का? मी नाही म्हणाले. जवळपास पाळणाघर नव्हतं का? नीलम्माताई मागे बसल्या होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं की आमच्याकडे जागा आहे, आजही आहे. त्या घरी येऊन गेल्या होत्या हे त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

सृष्टी आता शिशुगृहात आहे. रोज भेटू देतात. घरातल्या कुणी मोठ्या माणसाने येऊन जबाबदारी लिहून दिली आणि दिवसाची सोय दाखवली तर परत देतील. हे येऊन गेले. राजीनामा दे म्हणाले आणि पुढची गाडी धरून गेले. मी अजून दिलेला नाही.

तुम्ही या, असं लिहायला धीर होत नाही. नुसतं कळवते. मायेवर हक्क सांगत नाही.

वर्षाराणी


रेणापूर,
२३ डिसेंबर २०२४

वर्षाराणी, माजे बाय,

पत्र परसात जाऊन वाचलं. वाचून झाल्यावर तिथंच तुळशीपाशी बसले.

मी परवाच्या गाडीनं येते. हे पत्र मी हातानंच आणीन आन् तुज्या हातात दीन. समोरासमोर बोलाय गेले तर मी भलतंच बोलीन, रडून सगळं धुऊन टाकीन. मनून लिवून आणायली. मी सैपाक करताना तू वाच. माज्याकडं बगू नगं.

आदी हे ऐक. मामांचा गुडघा दुखतो हे खरं, पण तो मी तुज्याकडं होते तवा बी दुखतच होता आन् ते एकटेच राहत होते. दिवाळीचं आन् हरभऱ्याचं निमित्त होतं. मी मुद्दाम निघून आले. मला वाटलं, आपल्यावाचून अडलं की ही चार दिसात नोकरी सोडून घरी बसंल. मी इथं वाट बगत होते, कवा तुजा फोन येतो का मी राजीनामा दिला मनून. खाकी घालून सून दारातून भाईर पडायली की गल्लीतल्या बाया बगत्यात, ते मला सोसत नव्हतं. तू रजा काढायलीस, ड्युटी बदलायलीस, आन् मी इथं बसून मनायले, अजून कशी सोडंना.

आन् पाळणाघर. तिथं जागा होती. चालत जायाच्या अंतरावर. मी लाजंपायी नको मनले. आपलं लेकरू वळीत बसून खिचडी खाईल याची मला लाज वाटली. आता सगळ्या जगानं बगितलं, ती कसली लाज मनावी?

एक अजून हाय. ते तुला सांगितलं न्हाई तर मला घास उतरणार न्हाई. त्या व्हिडिओतलं रडणं मी ऐकलं होतं. तोंड फिरवलं, कान तर उघडे होते. दीड वरीस जे लेकरू माज्या मांडीवर झोपलं, त्याचं रडणं मला ओळखू आलं न्हाई. परकं समजून मी त्याच्या आयला शिव्या दिल्या.

तुज्या मामांना रात्री जेवायच्या आदी सांगितलं. ताट बाजूला सारलं त्यांनी. मग फोन घेऊन बसले. आपण पाठवलेलं परत कसं घ्यायचं हे शेजारच्या मास्तरला इचारत होते. मास्तर मनला, काका, आता ते आपल्या हातात न्हाई.

राजीनामा देऊ नगं. सुदर्शनशी मी बोलीन. समितीपुढं काय लिवून द्यायचं ते दीन. आन् लेकराचं नाव त्या नीलम्माबाईकडं मीच घालते, मी परत पाठवलं होतं तिला.

तुज्या दारात उभी राहीन तवा आत घेशील का, ते तूच ठरव.

सिंधु


रेणापूर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस आन् चि. सृष्टीस आजीचे आशीर्वाद, पापे दोघींना बी.

सुखरूप पोचले. तुज्याकडं महिनाभर राहून आले, पण इथं घर कसं तरीच लागायलं. सृष्टी पाळणाघरात रुळायली का? मी सोडाय जायची तवा ती हात सोडायची न्हाई, ते अजून मनगटावर जाणवतं.

काल आपल्याकडं हळदीकुंकू केलं. तिळगूळ, वाणाला पलास्टिकच्या चाळण्या. बाया बसल्या आन् कुणीतरी परत तो विषय काढला. तुमच्या सुनंच्या नांदेडातली ती बाई सुटली का आत हाय, मनून इचारलं. माज्या हातात कुंकवाचा करंडा होता. मी तो खाली ठिवला. मनले, ती माजी सून हाय, ते लेकरू माजी नात हाय. लेकरू एकटं पडलं कारण की मी त्याला टाकून आले होते, सुनंची नोकरी सुटावी मनून. त्या दिशी तुमच्यात बसून मी ज्या शिव्या दिल्या त्या माज्या मला लागल्या.

बाया हातातल्या चाळणीकडं बगायल्या. मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटंल. न्हाई वाटलं. लवकर लवकर उठून गेल्या सगळ्या.

आज सकाळी अंजू मागच्या दारानं आली. आपल्या शेतात खुरपायला येती ती. त्या दिशी सगळ्यात मोठ्यानं हाव हाव मनणारी तीच होती. उंबऱ्यात बसली आन् मनली, काकू, मी बी माज्या पोराला तुरीच्या बांधावर बाभळीला बांधते. लुगड्याच्या फाडलेल्या पट्टीनं. तिथं इहीर हाय ना. तुमच्याच रानात बांधते की, तुमी बगितलं असंल. मी बगितलं होतं, वर्षाराणी. किती बारी बगितलं. मला तवा काईच वाटलं न्हाई.

तिनं इचारलं, नांदेडाला हाय तसं दिसभर लेकरं ठिवायचं घर आपल्याकडं हाय का. मला ठाव न्हाई. मी मनले, नगरपंचायतीत जाऊन इचारू, मी येते संगं. तवर कामाला जाताना पोरगं माज्याकडं सोड. ती लगीच हाव मनली. आन् ती गेल्यावर मला माजीच लाज वाटाय लागली. एवढं सोपं होतं ते वाक्य. दिवाळीत तुला मनले असते तर?

मामा फोनवर येत न्हाईत मनून राग धरू नगं. तू हॅलो मनलीस की ते फोन माज्या हातात देत्यात आन् उठून जात्यात. सृष्टीला बगाय यावं का मनून मला तीनदा इचारून झालं. तू ये मनलीस तर येतील.

काळजाशी धर आमाला.

तुजी आत्या,
सिंधु


नांदेड,
९ मार्च २०२५

ती. सौ. आत्याबाई आणि ती. मामा, दोघांनाही वर्षाराणीचा मनापासून नमस्कार. वि. वि.

पत्र आधीच लिहायचं होतं, पण चांगलं काही सांगण्यासारखं होईपर्यंत थांबले. आणि मामा, तुम्ही या. खरंच या. येताना फोन करा आणि स्पीकरवर टाका.

वाईट आधी सांगते. पाळणाघराच्या दारात मला बघून काही बाया लेकरांना जवळ ओढून घेतात. चेहरे धुरकट केले होते, पण गल्ली तर तीच आहे. आगारातही कळलंय. परवा एक प्रवासी पैसे देताना माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला काही माहीत नसेलही, पण मी त्याला सुटे पैसे चुकीचे दिले. हे अजून नीट बोलत नाहीत. दर रविवारी फोन करतात आणि फक्त सृष्टीला मागतात. लातूरच्या कंपनीत अर्ज केलाय एवढं मात्र ते तिला सांगताना मी ऐकलं.

तुम्ही विचारलंत, रुळली का. तुम्ही गेल्यावर नीलम्माताईंनी मला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, बाकीची लेकरं खोलीभर फिरतात, ही सकाळी जिथे बसवू तिथेच बसून राहते. भिंतीला टेकून. चेंडू तिच्यापासून लांब गेला तर बघत राहते, आणायला उठत नाही. तिथे तिला कुणी बांधलेलं नाही, हे तिला कळत नव्हतं.

मी तिथेच खाली बसले. दुसरी बाई असती तर तिने काही चांगलं बोलून समजूत काढली असती. नीलम्माताईंनी काढली नाही. रोज तिची बसायची जागा थोडी थोडी बदलू, एवढंच म्हणाल्या. मग त्या तिला कधी खिडकीपाशी बसवायच्या, कधी पाण्याच्या माठापाशी, कधी दारात. मी सुट्टीच्या दिवशी तिच्याशेजारी बसायचे. खिचडीची ओळ लागली की मीही ताटली घेऊन ओळीत बसायचे. आत्याबाई, खिचडी चांगली असते. मोहरी थोडी जास्त घालतात.

काल मी कंधारहून वेळेवर आले. समाजमंदिराच्या अंगणात गेले तर सृष्टी भिंतीपाशी नव्हती. मी हाक मारली. ती घसरगुंडीच्या मागून डोकावली, मला बघितलं आणि पळाली. मला वाटलं, मला घाबरून पळाली. मी तिथेच उभी राहिले. नीलम्माताई दारातून म्हणाल्या, अगं, धर की तिला, खेळायलीय ती. मग मी मागे धावले. खाकीत, चपला फेकून. ती कडुनिंबाला वळसा घालून गेली, दोन पोरांच्या मधून निसटली, हसत होती, मागे वळून मी येतेय का बघत होती. एकदा तिचा फ्रॉक माझ्या हाताला लागला. मला तिला धरता आलं असतं.

मी हात मागे घेतला. ती पळत राहिली.

घरी यायला अंधार पडला. तुम्ही दोघं आलात की तिच्या मागे धावायचं काम मामांकडे देईन, गुडघ्याचं काय ते बघू. आमच्यावरची माया तुमची आहे, तुम्हीच सांभाळा.

तुमची,
वर्षाराणी